भाऊ कामावर जाईना, रात्र रात्र झोपत नाही, घरचे म्हणतात बाहेरचं आहे. सांगलीत कुठं दाखवू?

हे डिप्रेशन असू शकतं, पण ते डॉक्टरांनाच ठरवू दे, थायरॉइड किंवा बी १२ कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो म्हणून रक्त तपासायला सांगतात. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि दाखवायचं. आई वाडीला नरसोबाला नेऊया म्हणत असेल तर न्या, वाद घालू नका, फक्त देवऋषाच्या नादात महिने घालवू नका.

डिप्रेशनच्या गोळ्यांचं लोकांना माहीत नसतं ते हे की गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि सुरवातीला मळमळ वगैरे होते म्हणून बरेच जण आठव्या दिवशीच सोडतात. बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सहा महिने तरी चालू ठेवतात साधारण. सोबत समुपदेशन मिळालं तर उत्तमच.

आणि "नको झालंय सगळं" असं काही बोलला तर सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का म्हणून. विचारल्यानं तसलं डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, औषधं-फवारणीचे डबे कुलपात टाका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीपण लागतो, मराठीत बोलतात.