वाचक विचारतात : धुक्यातला टॅमलपायस

प्रश्न : आई-बाबा जुलैत आमच्याकडे सनीवेलला येताहेत. दोघंही राजगड-तोरणा केलेले. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट टॅमलपायस डोंगरावर न्यायचं ठरवलंय. खाली धुकं असेल तर परत फिरावं का?

उत्तर : मुळीच नाही. सह्याद्रीत वर चढलं की ढगात शिरतो. इथे उन्हाळ्यात बहुधा ढगातून बाहेर पडतो. किनाऱ्यालगत समुद्राचं पाणी थंड असतं, त्यावरची दमट हवा गार होऊन धुकं धरते आणि वरच्या उबदार हवेचं झाकण तिला उंच चढू देत नाही. शिखर सुमारे 785 मीटर, त्यामुळे पुष्कळदा खाली स्टिन्सन बीचवर गारठा आणि माथ्यावर कडक ऊन. फसतात ते इथेच : जॅकेट गाडीत राहतं, नाहीतर टोपी.

डोंगरावरच्या पँटोल वाहनतळावर गाडी लावा. शनिवार-रविवारी जागा लवकर भरते. मॅट डेव्हिस वाटेने स्टिन्सन बीचला उतरा आणि डिप्सी आणि स्टीप रॅव्हिन या वाटांनी वर या. एकूण 11 किलोमीटरच्या आसपास, सुमारे 450 मीटर चढ, रमतगमत पाच तास. उलट दिशेने जाऊ नका. स्टीप रॅव्हिनमध्ये ओढ्याकाठी सुमारे 10 फुटी लाकडी शिडी आहे. ओली असताना ती चढायला सोपी, उतरायला त्रासाची. रेडवुड झाडांच्या पानांवर धुकं साचून थेंब टपकतात, म्हणून पाऊस नसतानाही तिथे चिखल असतो. खाचांचे बूट हवेतच, माणशी दोन लिटर पाणीही. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. नकाशा आधी उतरवून घ्या आणि वाट दुरुस्तीसाठी बंद नाही ना, हे स्टेट पार्कच्या संकेतस्थळावर बघा.

गुडघे कुरकुरत असतील तर ईस्ट पीकच्या वाहनतळापर्यंत गाडीने जा. तिथून माथ्यावरचं वणवा-टेहळणी घर अर्ध्या किलोमीटरवर आहे. चढ छोटा, पण खडा.

प्रश्न : वाटेवर ‘पॉइझन ओक’ची पाटी पाहिली. त्याला ओळखायचं कसं?

उत्तर : तीन-तीन पानांचा झुबका, कडा ओकच्या पानासारख्या नागमोडी, उन्हाळा सरता सरता लाल. हिवाळ्यात नुसत्या काड्या उरतात, पण त्याही बाधतात. ही वनस्पती आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली, आणि बिब्बा उततो तशीच उतते. वाटेच्या मधून चाला, पूर्ण बाह्या-पँट घाला. लागलंच तर शक्य तितक्या लवकर साबण आणि गार पाण्याने धुवा. तिचं चिकट तेल बुटांच्या नाड्या, काठी आणि कपड्यांवरही राहतं. ते विसरलात तर दोन दिवसांनी पुन्हा पुरळ. घरी आल्यावर गोचीडही शोधा, विशेषतः गुडघ्यामागे आणि काखेत.

प्रश्न : डोंगर तिथल्या आदिवासींना पवित्र आहे म्हणतात. मग माथ्यावर जावं का? नारळ वाढवला तर चालेल का?

उत्तर : माथ्याची वाट सर्वांना खुली आहे. हा कोस्ट मिवोक लोकांचा डोंगर. नावही त्यांच्याच भाषेतलं, अर्थ साधारण ‘पश्चिमेचा डोंगर’. त्यांचे वंशज आज ग्रेटन रँचेरिया या जमातीत आहेत. तिला 2000 साली सरकारी मान्यता परत मिळाली. नारळ, कुंकू, फुलं मात्र घरीच ठेवा. आपली पूजा त्यांच्या डोंगरावर लादू नये. दगडांची लगोरी रचू नका. ऑब्सिडियनची (ज्वालामुखीच्या काळ्या काचेची) कपची किंवा पाट्या-वरवंट्यासारखा जुना दगड दिसला तर उचलू नका, जागा टिपून रेंजरला सांगा. आणि डोंगराच्या आकारात दिसणाऱ्या ‘झोपलेल्या राजकन्ये’ची गोष्ट मिवोक लोककथा म्हणून आई-बाबांना सांगू नका. ती गाजली 1920च्या दशकात डोंगरावर झालेल्या एका नाटकामुळे.