मुलांना घेऊन सिंगापूरला: पहिल्यांदा निघालेल्या शिक्षकांचे प्रश्न

विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच परदेशी नेणाऱ्या शिक्षकांचे हे प्रश्न आहेत. सगळ्यांना सिंगापूरलाच जायचं आहे.

प्रश्न : जानेवारीत नववीच्या मुलांना न्यायचं आहे. पासपोर्टचं काम कधी हाती घ्यावं? काही मुलांचे वडील बोटीवर आहेत. (एक शिक्षिका, गुहागर)

बाई, आजच घ्या. सगळे पासपोर्ट हातात येईपर्यंत तिकिटं काढू नका, एजंट कितीही घाई करो. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या अर्जाला आई-वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र लागतं, अ‍ॅनेक्शर डी. वडील सुट्टीवर आले असतील तर परत जाण्याआधी सही घेऊन ठेवा. सही मिळण्यासारखी नसेल तर आई एकटी अ‍ॅनेक्शर सी भरून अर्ज करू शकते. दुसऱ्या पालकाची संमती का नाही, ते त्यात लिहावं लागतं.

याहून जास्त वेळ खातो जन्मदाखला. ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदीत कधी बाळाचं नावच घातलेलं नसतं, कधी आईचं माहेरचं नाव असतं. प्रत्येकाचा दाखला, आधार आणि शाळेची नोंद शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. पासपोर्ट आधीच काढलेला असेल तर त्याची मुदत तपासा. पोहोचण्याच्या दिवसापासून निदान ६ महिने शिल्लक हवेत.

प्रश्न : आया डबे भरून देणारच. नाही म्हणावं का? (एक शिक्षिका, मालवण)

अजिबात नाही. परक्या मुलखात दुसऱ्या दिवशी घरचा लाडू फार कामाला येतो. पण खसखस मात्र नको. सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, तिथे न्यायला बंदी आहे. आपले अनारसे तर खसखशीवरच थापलेले, आणि करंजीच्या सारणातही ती असतेच. "चिमूटभरच आहे हो" हे कस्टमच्या माणसाला सांगून भागत नाही. पालकसभेत आयांना हे तोंडी सांगा आणि चिठ्ठीही द्या.

च्युइंगम आणायलाही तिथे १९९२ पासून बंदी आहे. कोकमाच्या आगळाची बाटली हातातल्या बॅगेत ठेवू नका, १०० मिलीच्या वरचं द्रव तपासणीत काढून घेतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, त्याला तिथे आधी परवानगी लागू शकते. मुलाचं औषध डॉक्टरांना दाखवून, चिठ्ठीसह घ्या.

प्रश्न : एखादं मूल आजारी पडलं किंवा पासपोर्ट हरवला, तर काय करायचं? (एक शिक्षक, दापोली)

सर, आजारी मुलाजवळ मागे कोण थांबणार हे शाळेतच ठरवून निघा. तीस मुलं आणि दोन शिक्षक ही व्यवस्था मला मान्य नाही. एक जण दवाखान्यात गेला की उरलेल्या एकावर सगळी मुलं येतात. निदान तिघं हवीत आणि मुली असतील तर त्यांत बाई हवीच. थांबणाऱ्याचं नाव आधीच ठरलेलं असलं की तिथे चर्चेत वेळ जात नाही. त्याच्याजवळ विम्याचे कागद, पालकांचे फोन आणि थोडी रोकड स्वतंत्र असू द्या. रुग्णवाहिकेला ९९५, पोलिसांना ९९९.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय उच्चायुक्तालय. तिथून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, ते फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं. म्हणून प्रत्येक मुलाच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो मूळ पासपोर्टांपासून वेगळ्या बॅगेत ठेवा. पासपोर्ट मुलांकडे फक्त काउंटरवर द्या, एरवी दोन शिक्षकांनी निम्मे निम्मे सांभाळावेत.

प्रश्न : अरायव्हल कार्डचे पैसे भरावे लागतात का? (तेच शिक्षक)

नाही. अरायव्हल कार्ड म्हणजे सिंगापुरात शिरण्याआधी प्रवाशाने आपली माहिती भरून द्यायचा ऑनलाइन फॉर्म. पोहोचण्याचा दिवस धरून त्याआधीच्या तीन दिवसांत तिथल्या सरकारी संकेतस्थळावर ते फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसा वेगळा काढावा लागतो.

प्रश्न : मुंबईहून पहाटेचं विमान आहे. रत्नागिरीहून कधी निघावं? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

आदल्या दिवशी सकाळी. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं असतं, आणि महामार्गावर एखादा ट्रक आडवा झाला की दोन तास सहज जातात. संध्याकाळपर्यंत पनवेल गाठा, मुलांना जेवू घाला, झोपवा. रात्रभर बसमध्ये चुळबुळत आलेलं मूल इमिग्रेशनच्या रांगेत उलटी करतं, आणि मग त्याच्यामागे सगळी रांग थांबते.