कॅटलिन क्लार्क एवढी मोठी कशी झाली? आणि खानदेशातल्या मुलीला ते जमेल का?

तुम्ही दोन प्रश्न एकात विचारलेत. मुलगी नववीत आहे, शिरपूरला शाळेच्या संघात खेळते, फोनवर सतत अमेरिकेची बास्केटबॉल खेळाडू कॅटलिन क्लार्कचे व्हिडिओ बघते आणि मलाही असंच खेळायचंय म्हणते. तर ही क्लार्क एवढी वर पोहोचली कशी, आणि आपल्याकडे ते शक्य आहे का. मी नंदुरबारला शाळेत क्रीडाशिक्षक आहे, मुलींचा बास्केटबॉलचा संघ बघतो. आमच्याकडेही हेच व्हिडिओ फिरतात, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल बोलायला आवडेल. दुसऱ्याबद्दल थोडं कडू बोलेन, राग मानू नका.

क्लार्क अफाट आहे यात वाद नाही. पण मेहनत आणि जिद्द एवढ्यावरच थांबलात तर अर्धी गोष्ट हातून सुटते. ती अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जन्मली, आणि तिथल्या लोकांना मुलींचा बास्केटबॉल तिकीट काढून बघायची सवय तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून होती. तिच्या आधी तिचे प्रेक्षक तयार होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरं. शेतीचं राज्य, लहान लहान गावं. तिथे मुलींची राज्यस्तरीय शालेय स्पर्धा १९२० पासून होते. पुढे काही वर्षांतच मुलींनी असं लोकांसमोर खेळावं का, यावर मोठा वाद झाला. शहरातल्या शाळा मागे हटल्या. लहान गावांच्या शाळा हटल्या नाहीत, त्यांनी मुलींच्या खेळासाठी वेगळी संघटनाच काढली. खेळाचा प्रकारही वेगळा होता. एका संघात सहा मुली: तीन एका अर्ध्या मैदानात फक्त बास्केट करायला, तीन दुसऱ्या अर्ध्यात फक्त अडवायला. मधली रेघ ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच टप्पी मारून पुढे न्यायचा. मुलींना पूर्ण मैदान पळणं झेपत नाही, ही त्या काळची समजूत. आज हसू येतं, पण याच खेळावर गावंच्या गावं वेडी होती. राज्याच्या फायनलला डे मॉइनमधलं भलंमोठं सभागृह भरायचं. १९६८ च्या फायनलमध्ये डेनिस लाँग नावाच्या खेड्यातल्या मुलीने ६४ गुण केले आणि दुसऱ्या संघातल्या जेनेट ओल्सनने ७६. तरी जिंकला लाँगचा संघ, तोही जादा वेळेत. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, लाँगचं नाव पुकारलं. लीगने ते रद्द केलं, हा भाग वेगळा. हा सहा जणींचा खेळ १९९३ मध्ये बंद झाला आणि क्लार्क जन्मली २२ जानेवारी २००२ ला. म्हणजे तिच्या सामन्यांना पुढच्या रांगेत बसणाऱ्या आज्या स्वतः कधीकाळी अर्ध्या मैदानात खेळलेल्या होत्या. खेळ कळणाऱ्या आज्या! आपल्याकडे अशा आज्या कुस्तीच्या फडालाही नाहीत.

आता तिच्याबद्दल. लहानपणी आसपास मुलींचा चांगला संघ मिळेना म्हणून वडिलांनी तिला मुलांच्या संघात घातलं. तिथे ती मुलांना भारी पडली आणि एका स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरली, तेव्हा मुलांच्या आईबापांनी तक्रार केली. (हे वाचून मला फार घरच्यासारखं वाटलं होतं.) शाळा संपल्यावर देशातली मोठमोठी कॉलेजं मागे लागली होती, पण तिने घरापासून गाडीने दोनेक तासांवरचं आयोवा विद्यापीठ निवडलं. प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांनी तिला लांबून मारायची मोकळीक दिली. चुकलं तरी बाहेर बसवलं नाही. माझ्या मते तिच्या खेळातली निम्मी धिटाई इथून आली.

आकडे तुमच्या मुलीला पाठ असतील, तुमच्यासाठी मोजके देतो. १५ फेब्रुवारी २०२४ ला तिने केल्सी प्लमचा कॉलेज कारकिर्दीतल्या ३,५२७ गुणांचा महिला विक्रम मोडला, त्या दिवशी एकटीने ४९ केले. ३ मार्चला पीट मॅराविचचा ३,६६७ चा पुरुषांचा विक्रमही गेला. शेवटी ती थांबली ३,९५१ वर. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: मॅराविचने ते गुण तीनच हंगामांत केले होते, आणि तेव्हा तीन गुणांची रेषाच नव्हती. लिनेट वुडर्डचे ३,६४९ गुण तर बरीच वर्षं अधिकृत यादीत धरलेच नव्हते, कारण ती खेळली तेव्हा महिलांचा खेळ एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेकडे नव्हता. विक्रम मोडणारीचं नाव होतं, मागच्यांचे हिशेब राहून जातात.

एक मात्र व्हिडिओत दिसत नाही: ती कॉलेजमध्ये एकदाही राष्ट्रीय विजेती झाली नाही. २०२३ ची फायनल लुइझियानाच्या संघाने १०२-८५ अशी घेतली, २०२४ ची साउथ कॅरोलायनाने ८७-७५. तरी २०२४ ची ती हरलेली फायनल अमेरिकेत टीव्हीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली. त्याच वर्षीची पुरुषांची फायनल पाहिली १ कोटी ४८ लाखांनी. हे याआधी कधी झालं नव्हतं.

मग एप्रिल २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या इंडियाना फीव्हर संघाने तिला ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिली निवडली. पगार पहिल्या वर्षाचा ७६,५३५ डॉलर. अमेरिकेच्या मानाने काहीच नाही, नायकीशी झालेल्या करारातले पैसे त्याच्या कितीतरी पट. पण मैदानात काय झालं बघा. आदल्या हंगामात फीव्हरच्या घरच्या सामन्याला सरासरी ४ हजार लोक यायचे, तिच्या पहिल्या हंगामात १७ हजार. त्याच वर्षी लीगने सगळ्या संघांसाठी चार्टर विमानं सुरू केली, त्याआधी या खेळाडू नेहमीच्या प्रवासी विमानात पाय दुमडून बसायच्या. ११ वर्षांचा, २२० कोटी डॉलरच्या आसपासचा नवा टीव्ही करारही तेव्हाच झाला. तिने पहिल्याच हंगामात ३३७ असिस्ट (ज्यावर सहकारी लगेच बास्केट करते असे पास) देऊन लीगचा विक्रम केला, एका सामन्यात १९ दिले, आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडू झाली.

हे सगळं तिच्या एकटीच्या नावावर लिहिलं जातं, तिथे मला खटकतं. ही लीग १९९७ पासून चालू आहे आणि ती उभी केली प्रामुख्याने कृष्णवर्णीय खेळाडूंनी, अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये खेळून. क्लार्कने स्वतः हे जाहीरपणे मान्य केलंय, तिचे चाहते मात्र कधी कधी विसरतात. आणि २०२५ च्या हंगामात दुखापतींमुळे ती १३ सामनेच खेळली, तरी तिच्याविना फीव्हर उपांत्य फेरीत पोहोचले आणि लास वेगासच्या संघाशी पाचव्या सामन्यापर्यंत भांडले. मुलीला ते सामनेही दाखवा.

आता आपल्याकडे येऊ.

आमचं कोर्ट सिमेंटचं. मार्चनंतर संध्याकाळी साडेपाचलाही बुटातून चटका बसतो. थंडीत वेगळं दुखणं: शहराबाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्या लागतात, वारा तिकडून फिरला की पोरी ठसका लागून बाजूला उभ्या राहतात, आणि लेअपच्या (धावत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकायच्या) रांगेत एकीला शिंक आली की सगळ्यांना येते. रिंग आहे, जाळी नाही. जाळी नसली की काय होतं हे खेळणाऱ्यालाच कळतं. चेंडू रिंगमधून स्वच्छ गेला की रिंगच्या पुढून खाली आला, यावर दर दहा मिनिटांनी भांडण. लांबून मारणाऱ्या मुलीला तर आपला चेंडू किती आखूड पडला याचा अंदाजच लागत नाही. मी सुतळीची जाळी विणून बांधतो, पावसाळ्यात ती कुजते.

क्लार्कचे व्हिडिओ आल्यापासून आमच्या पोरींना मधल्या रेषेजवळूनच मारायचं असतं. चूक त्यांची नाही, व्हिडिओत तेवढंच दाखवतात. पण तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर. नववीतल्या मुलीने तिथून मारायचं म्हटलं की ती चेंडू कंबरेपासून दोन्ही हातांनी भिरकावते, आणि ती सवय मग बारावीपर्यंत सुटत नाही. क्लार्कचा हात सोडून पाय बघायला सांगा. चेंडू हातात येण्याआधी तिचे पाय रिंगकडे वळलेले असतात, गुडघा वाकलेला असतो. मागे उडी मारून मारते तेव्हाही ताकद खालून येते. आणि त्याहून जास्त बघायचे ते तिचे पास. धावत्या मुलीच्या पुढे अर्ध्या कोर्टावरून एका हाताने चेंडू सोडते, तो पास दहा वेळा मागे घेऊन बघावा असा.

व्यावसायिक लीगचं म्हणाल तर खरं सांगतो. केरळची गीतू ॲना जोस २०११ मध्ये अमेरिकेच्या महिला लीगमधल्या संघांकडे चाचणीला गेली होती, हाच आजवरचा मोठा टप्पा. ती आपली त्या काळची सर्वोत्तम खेळाडू, तरी संघात जागा मिळाली नाही. महाराष्ट्रातून म्हणाल तर पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. आपल्या मुलींसाठी शिखर म्हणजे भारताचा संघ आणि रेल्वेची नोकरी. राष्ट्रीय स्पर्धेत महिलांमध्ये रेल्वेचा दबदबा वर्षानुवर्षं आहे, कारण चांगली खेळाडू दिसली की रेल्वे तिला नोकरी देते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. नंदुरबार-धुळ्याच्या बापाला हे सांगितलं की तो ऐकतो. अमेरिकेचं सांगितलं की चहा मागवतो आणि विषय बदलतो.

आमच्याकडे गळती खेळामुळे होत नाही. दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरी आईबापांबरोबर जातात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबतात. शालेय स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, त्यामुळे जिल्ह्याला माझा संघ पूर्ण असतो. सराव खरा करायचा त्या थंडीत मात्र मैदानावर निम्म्या पोरी.

म्हणूनच मी आयोवाच्या त्या आज्यांचं एवढं लांबवलं. आम्ही एकदा सराव-सामना मुद्दाम बाजाराच्या दिवशी ठेवला, कोर्टाच्या कडेला सतरंज्या टाकल्या आणि पोरींच्या आयांना बोलावलं. बऱ्याच जणींनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या लेकीला पळताना बघितलं. एक बाई शेजारणीला म्हणाली, “हाई पोर कितली पळस!” ती तिचीच मुलगी होती, लांबून ओळखलीच नव्हती. त्यानंतर त्या घरून 'सरावाला उशीर का होतो' अशी विचारणा बंद झाली. पैसा, संकुल, प्रशिक्षक या सगळ्या गोष्टी लागतातच. पण आई बघायला येते त्या मुलीचा खेळ सहसा सुटत नाही, हे मी इथे पाहतोय.

तुम्ही उंचीचंही विचारलंय. मुलगी पाच फूट तीन इंच, चालेल का? क्लार्क सहा फुटांची आहे आणि तिच्या लीगमध्ये ती काही उंच म्हणून ओळखली जात नाही. आपल्या जिल्हा-विभाग पातळीवर पाच-तीनची मुलगी गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारी म्हणून, आरामात खेळते, फक्त चेंडू दोन्ही हातांनी सारखा खेळवता यायला हवा. डाव्या हातावर सहा महिने घालवा. चेंडू सहा नंबरचाच घ्या. शाळेत बऱ्याचदा मुलांचा सात नंबरचा असतो आणि त्याने मनगट बिघडतं. पळायचे मऊ तळव्याचे बूट नकोत, वळताना घोटा मुरगळतो. सिमेंटवर रोज उड्या मारायला लावू नका, आठवड्यात दोन दिवस पास आणि पायांचं काम पुरे. शाळेत जाळी नसेल तर सुतळीची विणा, किलोभर पुरते.

धुळे जिल्ह्यातून तुमची शाळा वर आली तर नाशिक विभागाच्या स्पर्धेत आपली गाठ पडेलच. अर्थात आम्ही आमच्या जिल्ह्यात जिंकलो तर.