जनरेटरच्या एक्सायटेशन पॅनेलवर (रोटरला फील्ड करंट देणारं पॅनेल) 'पीटी फेल' अलार्म, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरचा सिग्नल गेल्याचा इशारा, येतो-जातो, काय तपासावं?

लगेच एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) कार्ड बदलू नका, ते क्वचितच दोषी असतं. इव्हेंट लॉग काढून अलार्मची वेळ लोड, कंपन आणि पॅनेलच्या तापमानाशी जुळवा. मग एव्हीआर टर्मिनलवर तिन्ही फेज-फेज व्होल्टेज मोजा. स्टार जोडणीच्या 110 व्होल्ट पीटीत दोन जोड्या कमी दिसल्या, तर त्यांतला सामाईक फेज संशयित. तो धरून मागे जा: ढिला टर्मिनल स्क्रू, पीटीच्या ड्रॉ-आउट (बाहेर ओढता येणाऱ्या) ट्रॉलीचा काळवंडलेला कॉन्टॅक्ट, फ्यूज होल्डर. फ्यूज मीटरवर ठणठणीत दाखवतो, पण क्लिपची पकडच गेलेली असते. बहुतेक जण इथेच फसतात. हात लावायचा तो मशीन थांबवून, आयसोलेट करूनच. चालू मशीनवर सेन्सिंग (पीटीकडून येणारा व्होल्टेजचा सिग्नल) तुटलं आणि एव्हीआर वेळेत मॅन्युअलवर गेला नाही, तर व्होल्टेज पडलंय असं समजून तो फील्ड करंट चढवत नेतो.