पहिलं क्रेडिट कार्ड घेतोयस ना, मग आधी हे वाच

प्रिय बाळा,

तुझा मेसेज मिळाला. ऑफिसच्या कॅन्टीनबाहेर स्टॉल लावून बसलेला मुलगा लाइफटाइम फ्री कार्ड देतोय, दीड लाखाचं लिमिट मिळेल म्हणतोय, आणि तू विचारतोयस घेऊ का. घे. तुझे बाबा कार्ड म्हटलं की कर्जात बुडशील म्हणतात, त्यांची काळजी खोटी नाहीये, पण नीट वापरलं तर कार्ड खरंच कामाचं आहे. फक्त एक गोष्ट आत्ताच पक्की कर की बिल आलं की पूर्ण भरायचं, टोटल अमाउंट ड्यू जेवढं लिहिलंय तेवढं, दर महिन्याला. कुठल्या कार्डावर पॉइंट जास्त आणि कुठल्यावर विमानतळाचं लाउंज फ्री हे सगळं त्याच्या नंतरचं.

का ते आकड्यांत बघ. समज बिल आलं 50,000 चं. त्याच्या शेजारीच मिनिमम अमाउंट ड्यू म्हणून साधारण 5 टक्के म्हणजे 2,500 रुपये लिहिलेले असतात आणि माणसाला वाटतं चला, एवढे भरले की या महिन्याचं भागलं. व्याज बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे 1,750 रुपये, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 315, झाले 2,065. म्हणजे तू भरलेल्या 2,500 मधले जेमतेम 435 रुपये मूळ रकमेतून कमी होणार. असंच चालू ठेवलं तर वर्षानुवर्षं भरत राहशील आणि बाकी तशीच दिसेल. मिनिमम भरल्याने फक्त लेट फी वाचते आणि थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही, व्याज काही थांबत नाही.

आता दुसरी बाजू धर. 1 टक्का कॅशबॅकचं कार्ड असेल तर त्याच 50,000 वर तुला मिळणार 500 रुपये. एकदा बिल थकवलंस तर चार महिन्यांची कमाई एका महिन्यात गेली. म्हणून मी म्हणते की फायदा कार्डामुळे होत नाही, पूर्ण बिल भरण्यामुळे होतो.

आणि एक गोष्ट जी स्टॉलवर कोणी सांगत नाही. मागचं बिल थोडं जरी बाकी ठेवलं तरी बिनव्याजी मुदत, म्हणजे खरेदीपासून बिल भरायच्या तारखेपर्यंतचे व्याज न लागणारे दिवस, जाते, मग नवीन जे काही घेशील, साधा किराणासुद्धा, त्यावर घेतल्या दिवसापासून व्याज लागायला लागतं. वार्षिक हिशोब केला तर हे व्याज 42 टक्क्यांच्या घरात जातं, आणि कायद्याने कुठे वर मर्यादा असेल असं वाटत असेल तर तसं नाहीये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, तो निकाल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. तेव्हा स्वतःला वाचवायचं काम आपलंच आहे.

पूर्ण भरायची सवय लागावी म्हणून तारखा जुळवून घे. तुझा पगार 1 तारखेला होतो ना, मग स्टेटमेंट, म्हणजे महिन्याचं बिल, साधारण 16 तारखेला येईल असं बघ, म्हणजे ड्यू डेट, पैसे भरायची शेवटची तारीख, पुढच्या महिन्याच्या 5 च्या आसपास येते आणि तेव्हा खात्यात पैसे असतात. बँकेने दिलेली तारीख सोयीची नसेल तर बिलिंग सायकल, म्हणजे बिल निघायची तारीख, निदान एकदा बदलून मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी दिलेला आहे, कस्टमर केअरला सांगायचं. यातच बिनव्याजी मुदतीचं गणितही येतं. 16 ला स्टेटमेंट असेल आणि 17 जूनला मोठी खरेदी केलीस तर ती 16 जुलैच्या बिलात येणार आणि पैसे 5 ऑगस्टला द्यायचे, म्हणजे 49 दिवस फुकट मिळाले. तीच खरेदी 15 जूनला केलीस तर जेमतेम 20 दिवस. घरचा फ्रीज वगैरे घ्यायचा असेल तेव्हा हे लक्षात ठेव.

ऑटो डेबिट लाव, पण लावताना नीट बघ, टोटल आणि मिनिमम असे दोन पर्याय असतात त्यातलं टोटलच निवड. घाईत मिनिमम निवडून नंतर वर्षभर व्याज भरणारी माणसं मी पाहिलीत. ड्यू डेट चुकलीच तर तीन दिवस उलटल्याशिवाय बँकेला लेट फी लावता येत नाही, पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर राहू नकोस.

आजकाल रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि मला तुमच्या पिढीबद्दल सगळ्यात जास्त काळजी इथेच वाटते. पूर्वी कार्ड काढायचं, स्वाइप करायचं, पिन टाकायचा, तेवढ्यात माणूस विचार करायचा. आता चहा, वडापाव, रिक्षा, रात्री अकराला मागवलेलं आइस्क्रीम, सगळं स्कॅन आणि झालं, महिनाअखेरीस बघावं तर किरकोळ किरकोळ करत अकरा बारा हजार झालेले असतात. जोडू नकोस असं नाही म्हणत, पण पहिले सहा महिने रोजच्या खर्चाला बचत खात्याचंच यूपीआय ठेव आणि कार्ड फक्त ठरलेल्या गोष्टींना वापर, मोबाईलचं बिल, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, किराणा. अ‍ॅपमध्ये खर्चाची मर्यादाही ठेवता येते, दीड लाख लिमिट दिलं म्हणून ते तुझे पैसे होत नाहीत, तू 30,000 लावून ठेव.

नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिलेले हप्ते, याबद्दल विचारलंस. त्यात व्याज असतंच, फक्त तेवढी सूट आधी देऊन ते भरून काढलेलं असतं. त्या व्याजावरचा जीएसटी तुझ्या माथी, बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीसुद्धा, आणि एकरकमी घेतल्यावर जो डिस्काउंट मिळाला असता तो कधी कधी हातचा जातो. आधी एकरकमी किंमत बघ, मग ईएमआयचा एकूण आकडा बघ, आणि तेवढे पैसे खात्यात असतील तरच घे.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने कॅश काढायची नाही. कधीच नाही. पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

चांगलं काय काय मिळतं तेही सांगते. एक म्हणजे सिबिल, तू उधारी वेळेवर फेडतोस का ते दाखवणारा स्कोअर. तो 300 ते 900 असतो, 750 च्या वर असला की पुढे गृहकर्जाला सोपं जातं, आणि वेळेवर भरलेलं कार्ड हा तो घडवायचा सगळ्यात सोपा मार्ग, फक्त लिमिटच्या 30 टक्क्यांच्या आत वापर ठेव आणि एकदम तीन चार कार्डांना अर्ज करत सुटू नकोस. दुसरं, ऑनलाइन मागवलेली वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली आणि विक्रेता दाद देत नसेल तर बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराची तक्रार, टाकता येतो, ही सोय मला पॉइंटपेक्षा मोठी वाटते. पॉइंटचं म्हणशील तर एक पॉइंट म्हणजे एक रुपया नव्हे, बऱ्याच कार्डांवर तो 20-25 पैशांचा असतो, तेव्हा पॉइंटसाठी किंवा वार्षिक फी माफ व्हावी म्हणून नको असलेलं काही घेऊ नकोस.

कार्ड हातात आलं की पहिल्याच दिवशी अ‍ॅपमध्ये जाऊन इंटरनॅशनल व्यवहार बंद आहेत ना बघ, टॅप करून पैसे जातात ते नको असेल तर तेही बंद कर. लिमिट वाढवतो, पॉइंट संपतायत असं सांगून ओटीपी मागणारा प्रत्येक फोन कट कर. पैसे गेलेच तर त्याच तासात कार्ड ब्लॉक करायचं, बँकेला कळवायचं आणि 1930 ला फोन लावायचा.

आणि समजा कधी अडकलासच, नोकरी गेली, घरात कुणी आजारी पडलं, बिल भरणं अशक्य झालं, तर लपवू नकोस. आधी कार्ड वापरणं थांबव, बँकेला सांगून बाकी ईएमआयमध्ये करून घे किंवा कमी व्याजाचं पर्सनल लोन काढून कार्ड एकदम मोकळं कर. दुसऱ्या कार्डाने पहिलं भरायचा खेळ सुरू करू नकोस. थोडे पैसे भरून सेटल करा असं कोणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नकोस, सेटल्ड असा शेरा सिबिलच्या रिपोर्टवर राहतो आणि पुढचं कर्ज अडतं. वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायची परवानगी नाही हेही माहीत असू दे. बाबांना सांगायची भीती वाटली तर मला सांग, मी बोलेन त्यांच्याशी.

सही करायच्या आधी त्या मुलाकडून मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्सचा कागद मागून घे, व्याजदर, लेट फी, लाइफटाइम फ्री खरंच लिहिलंय का ते त्यातच असतं. त्याचा फोटो मला पाठव, रविवारी दुपारी फोनवर दोघं मिळून वाचू.

तुझी,
मावशी