दुपारचा रकाना रिकामा ठेव

प्रिय भाचीबाई,

अनेक आशीर्वाद.

तुम्हा चौघी मैत्रिणींच्या समुद्रकाठच्या उन्हाच्या शहरातल्या सहलीचा तक्ता मिळाला. पाच दिवस, एकवीस ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ आणि वेळांना निरनिराळे रंग. मेहनत दिसते आहे. पण दुसऱ्या दिवसाच्या ओळीत ‘दुपारी १ ते ३ : किनारा’ असं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

तू विचारलंयस, ‘मामा, यात काही राहून गेलंय का?’ काहीच राहिलेलं नाही, तेच तर दुखणं आहे. समुद्रकाठच्या शहराचं स्वतःचं वेळापत्रक असतं. ते ऊन, वारा आणि भरती-ओहोटी मिळून ठरवतात, आणि तुमच्यापैकी कुणाला विचारून ठरवत नाहीत. तू आधी ठिकाणं मांडलीस आणि मग त्यांना वेळा चिकटवल्यास. मी असतो तर आधी वेळा मांडल्या असत्या.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होतेस ना? परीक्षेनंतर ते आत्ता पहिल्यांदा उपयोगी पडतील. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा आत शिरते. हा खारा वारा सकाळ सरता सरता सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. म्हणून स्वच्छ हवेच्या दिवशी सकाळचं पाणी बहुधा शांत असतं आणि दुपारी त्यावर लाटा उसळायला लागतात. कायाक (वल्ह्यांची चिंचोळी होडी), स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून तरंगत पाण्याखालचं बघणं), लहान बोटीतली फेरी हे सगळं सकाळी. तुझ्या तक्त्यात कायाक दुपारी चारला आहे. त्या वेळी तुम्ही चौघी वल्ही मारत राहाल आणि वारा तुम्हाला त्याच्या मनाप्रमाणे नेत राहील.

याच वाऱ्याचा दुसरा डाव असा की तो अंगाला गार लागतो, त्यामुळे ऊन भाजतंय हे कळतच नाही. मी एकदा ढगाळ सकाळी, ‘आज कुठे ऊन आहे’ म्हणत, चपला काढून तीन तास वाळूत बसलो होतो. चेहऱ्याला क्रीम लावलं होतं, पायांना नाही. पुढचे दोन दिवस बुटात पाय जाईना आणि शहर मी खोलीच्या खिडकीतून पाहिलं. विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली पोहोचतात, हे मला नंतर कळलं. कोरडी वाळू त्यांतले सुमारे १५ टक्के परत अंगावर फेकते, लाटांचा फेस २५ टक्के. म्हणजे छत्रीखाली बसलं की सुटलो, असंही नाही.

आता तुझ्या सामानाच्या यादीत ‘सनस्क्रीन, १ बाटली (चौघींत)’ असं आहे. जरा हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगाला एकदा नीट लावायला साधारण ३० मिलिलिटर लागतं. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, आणि पाण्यातून बाहेर आल्यावरही. विमानात हातातल्या बॅगेत नेता येणारी बाटली बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरची. म्हणजे तुझी ती एक बाटली एकटीला तीन वेळा पुरेल, चौघींना एकदाही नाही. मोठ्या बाटल्या चेक-इनच्या बॅगेत टाका किंवा तिथे पोहोचल्यावर घ्या. बाटलीवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून बचावाचा आकडा, असतो; तो ३० घ्यावा की ५०, यावर जास्त डोकं लावू नका. नीट लावलं तर एसपीएफ ३० चं क्रीम त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० चं ९८. खरा फरक पडतो तो कमी लावल्याने. आणि तुमच्यातल्या कुणाला मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. त्या औषधावर ऊन फार लवकर भाजतं.

हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाखाली यूव्ही इंडेक्स नावाचा, अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा एक आकडा असतो, तो कुणी बघत नाही. तो ३ किंवा जास्त असला की टोपी-क्रीम हवं, ८ किंवा जास्त असला की भर दुपारी बाहेर पडूच नये. फोन खोलीवर राहिला तर स्वतःची सावली बघ. ती तुझ्यापेक्षा आखूड झाली की आत चल.

म्हणून तो दुपारचा रकाना. साधारण बारा ते चार या वेळेत जाड भिंतींच्या आत जा, म्हणजे संग्रहालय, जुनं प्रार्थनास्थळ, मत्स्यालय, ग्रंथालय. नाहीतर सरळ झोपा. झोपेला तक्त्यात जागा द्यायची तुला लाज वाटते, ते मला ठाऊक आहे. पण दुपारी दोन तास झोपलेलं माणूस रात्री अकरापर्यंत शहर बघतं, आणि न झोपलेलं माणूस सहा वाजता मैत्रिणीशी भांडतं. संग्रहालयांचा सुट्टीचा वार मात्र आधी बघून ठेव. पुष्कळ शहरांत तो सोमवार असतो, आणि तुमचा चौथा दिवस सोमवारच आहे.

महिना अजून ठरलेला नाही हे फार बरं झालं. लोक हवेचं तापमान बघून तारखा ठरवतात आणि पाण्यात पाय घातल्यावर किंचाळतात. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. भूमध्य समुद्रात जूनमध्ये दिवस सगळ्यांत मोठे असतात, पण पोहायला सप्टेंबरचं पाणी जास्त ऊबदार, आणि तोवर तिथल्या शाळांच्या सुट्ट्या संपत आल्याने गर्दीही ओसरलेली. ‘उन्हाचं शहर’ या शब्दावरही फार विसंबू नकोस. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला वर्षभर ऊन म्हणतात, पण मे-जूनमध्ये किनाऱ्यावर सकाळी ढगांचा राखाडी थर बसतो. तो कधी दुपारपर्यंत विरतो, कधी दिवसभर हलत नाही. तिथल्या लोकांनी त्याला ‘मे ग्रे’ (राखाडी मे) आणि ‘जून ग्लूम’ (उदास जून) अशी नावंच ठेवली आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनला जानेवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, लख्ख ऊन, पण अटलांटिकच्या बाजूच्या पाण्यात पाच मिनिटांत पाय बधिर होतात. डोंगरापलीकडे फॉल्स बे या उपसागरात तेच पाणी काही अंशांनी सुसह्य.

किनाऱ्याचीही चौकशी कर. फ्रान्समधल्या नीसचा शहरातला किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नाही. अनवाणी धावण्याचे फोटो तिथे निघत नाहीत. पोर्तुगालची राजधानी लिस्बन मुळात टॅगस नदीच्या मुखाशी वसलेली, वाळू आणि लाटा हव्या तर लोकल पकडून बाहेर जावं लागतं. बार्सिलोनाचे किनारे आग्नेयेकडे तोंड करून आहेत, तिथे समुद्रातून सूर्य उगवताना दिसेल, बुडताना नाही. तुझ्या तक्त्यात पहिल्या चारही संध्याकाळी ‘सूर्यास्त, किनारा’ लिहिलंय म्हणून हे सांगतोय. नकाशा उघड आणि किनारा कोणत्या दिशेला आहे ते बघ. पूर्वेकडे असेल तर एक पहाट त्यासाठी काढा आणि संध्याकाळी एखाद्या टेकडीवर जा.

आता बोटीबद्दल. ती फेरी तू शेवटच्या दिवशी ठेवलीस, गोड शेवट म्हणून. मीही एकदा तसंच केलं होतं. तीन दिवस समुद्र आरशासारखा होता आणि मी गल्ल्या हिंडत होतो. चौथ्या सकाळी वारा सुटला, धक्क्यावर ‘आज फेऱ्या बंद’ची पाटी, पैसे परत मिळाले आणि बेट राहिलं. ते अजून राहिलेलंच आहे. जे हवेवर अवलंबून आहे ते दुसऱ्या दिवशी ठेवावं. रद्द झालं तर तिसरा आणि चौथा दिवस हाताशी असतो. छप्पर असलेल्या गोष्टी कुठेही सरकतात, म्हणून त्या शेवटी. स्कूबा डायव्हिंगला, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली खोल जायचं असेल तेव्हा, हा नियम आणखी कडक होतो. पाण्याखाली दाबामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, आणि तो निघून जायच्या आत विमानात बसलं तर कमी दाबाने त्याचे बुडबुडे होतात. एकच डाइव्ह (बुडी) केली असेल तर निदान १२ तास, अनेक केल्या असतील तर निदान १८ तास विमान नाही. शेवटच्या सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी परतीचं विमान, असं तू लिहिलंयस. ते आजच खोड.

भरती-ओहोटीचं कोष्टक त्या शहरासाठी नेटवर मिळेल. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून पहिल्या दिवशी पाहिलेली वेळ पाचव्या दिवशी धरू नकोस, जवळपास साडेतीन तासांचा फरक पडलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. मधल्या दिवसांत भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. भूमध्य समुद्रात भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक बहुतेक ठिकाणी नगण्य, अटलांटिकच्या काठाला मात्र काही मीटरचा. खडकांतून किंवा गुहांकडे चालत जायचं असेल तर पाणी अजून उतरत असताना निघा आणि चढायला लागायच्या आत परत फिरा.

आणि पोहणं. चौघींपैकी दोघींना तलावातलं पोहणं येतं असं तू म्हणालीस. समुद्रात त्याचा निम्मा उपयोग धर. लाटांनी काठावर आणून टाकलेलं पाणी परत आत जायला एखादी अरुंद वाट शोधतं, तो रिप करंट. वरून बघणाऱ्याला तिथे लाटा कमी फुटताना दिसतात आणि वाटतं, हीच जागा शांत आहे. नेमकी तीच जागा टाळायची. कुणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही. प्रवाह जोरात असला तर पट्टीचा पोहणाराही हरतो. तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या वाटेतून बाहेर पडायचं. प्रवाह पाण्याखाली ओढत नाही, लांब नेतो. हे चौघींनाही माहीत हवं, एकटीला नको.

झेंड्यांकडे बघायची सवय लावा. वर लाल आणि खाली पिवळा पट्टा असलेले दोन झेंडे रोवलेले असतील तर जीवरक्षकांचा पहारा त्या दोहोंच्या मधल्या पाण्यावर असतो, तिथेच उतरायचं. नुसता लाल म्हणजे धोका. काही देशांत एका लाल झेंड्यालाच पाणी बंद असतं, काही ठिकाणी त्यासाठी दोन लाल लावतात, म्हणून शेजारचा फलक वाचायचाच. जांभळा दिसला तर पाण्यात जेलीफिशसारखं काहीतरी डंख करणारं आहे. केशरी रंगाची वाऱ्याची पिशवी फडकत असेल तेव्हा हवा भरलेल्या गाद्या आणि ट्यूब पाण्यात न्यायच्या नाहीत. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, काठाजवळ पाणी गुळगुळीत दिसतं, आणि गादी बघता बघता आत जाते.

राहण्याचं थोडक्यात सांगतो. ‘समुद्र दिसतो’ या दोन शब्दांसाठी जास्त पैसे मोजण्याआधी, तुम्ही दिवसातून कितीदा खोलीवर येणार ते मोज. दुपारी परतायचं असेल तर किनाऱ्यापासून पायी दहा-पंधरा मिनिटांची मागच्या गल्लीतली खोली समोरच्या खोलीपेक्षा बरी, रात्री शांतही. अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजू नकोस, चढ बघ. पाच दिवसांत खोली बदलू नका, एक बदल अर्धा दिवस खातो. फुकट रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव.

पहिली संध्याकाळ पूर्ण मोकळी सोड. सामान टाका, पाण्यापर्यंत चालत जा, परत या. वाटेत दुसऱ्या दिवशीचा बसथांबा, औषधाचं दुकान आणि पाणी भरायची जागा दिसून जाते, तेवढं पुरे. एखादी अर्धी दुपार चौघी चार दिशांना जा. मैत्री टिकवायला मला याहून स्वस्त उपाय माहीत नाही. किनाऱ्यावर जाताना पासपोर्ट आणि कार्डं खोलीवर, सोबत थोडी रोकड आणि पाणी न शिरणारी पिशवी. चौघी एकदम पाण्यात उतरायचं नाही, एक काठावर.

उरल्या एकवीस जागा. त्यांच्यासाठी माझी एक युक्ती आहे. दिवसाला एकच खुंटी ठोकायची, बाकी सगळं तिला टांगायचं, टांगलं नाही तरी चालेल. पाच दिवसांच्या पाच खुंट्या चौघींनी मिळून निवडा, प्रत्येकीची एक आणि पाचवी भांडून. उरलेली सोळा ठिकाणं कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेव; त्या त्या भागात असाल आणि पाय दुखत नसतील तर बघून घ्या.

महिना ठरला की कळव. नवा तक्ता पाठवशील तेव्हा मी आधी बोटीचा दिवस बघणार आहे आणि मग दुपारचा रकाना. रंग हवे तेवढे भर, त्याला माझी हरकत नाही.

तुझा,
मामा