एकच मांडणशिल्प दोन जागांत इतकं वेगळं का वाटतं?

प्रश्न थोडक्यात असा: कोचीच्या बिनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) एखाद्या कामापासून पाय निघत नाही, आणि तितक्याच ताकदीचं काम मुंबईच्या गॅलरीत पाहिलं तर पाच मिनिटांत आपण बाहेर पडतो. यात जागेचा वाटा किती? आणि कॉलेजच्या हॉलमध्ये मांडणशिल्प, म्हणजे इन्स्टॉलेशन, उभं करायचं असेल तर काय काय बघून घ्यावं?

वाटा फार मोठा असतो. चित्रासमोर आपण उभे राहतो, मांडणशिल्पात आपण शिरतो. त्यामुळे माणूस किती वेगाने चालणार, कुठे थबकणार, मोठ्याने बोलणार की कुजबुजणार, यातलं बरंचसं, काम नजरेला पडण्याआधीच, जागेने ठरवून टाकलेलं असतं. काम चांगलं असूनही 'काही वाटलं नाही' असं होतं तेव्हा मी आधी जागेकडे बघतो.

कोचीचंच उदाहरण घ्या. सुदर्शन शेट्टी क्युरेटर होते त्या २०१६ च्या बिनालेत चिलीचे कवी राऊल झुरिता यांचं 'सी ऑफ पेन' होतं. अ‍ॅस्पिनवॉल हाउस ही समुद्राला लागून असलेली जुनी व्यापारी वखार. तिथल्या एका लांबलचक गोदामात समुद्राचं पाणी भरलं होतं आणि भिंतींवर कवितेच्या ओळी होत्या. ही कविता गालिप कुर्दी या बुडालेल्या सीरियन मुलासाठी लिहिलेली आहे. त्याच्या भावाचा, अ‍ॅलनचा, फोटो जगभर गेला, गालिपचा गेला नाही. ओळी वाचायच्या तर चपला काढून, कपडे वर खोचून पाण्यात उतरायचं. पाण्यात कुणालाच भराभर चालता येत नाही. पाय जपून टाकावा लागतो, तोल सांभाळावा लागतो, आणि पुढची ओळ गाठायला वेळ लागतो. त्याच ओळी पांढऱ्या भिंतीवर छापल्या असत्या तर अर्ध्या मिनिटात वाचून झाल्या असत्या. शब्द तेच राहिले असते, पण ते कळायला लागणारा वेळ आणि शरीराचे कष्ट उरले नसते. गोदाम आखूड असतं तरीही हे जमलं नसतं, कारण सगळी मदार त्या लांबीवर होती.

उंची आणि चालण्याची दिशा यांचंही असंच. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातला टर्बाइन हॉल म्हणजे जुन्या वीजकेंद्राचं यंत्रघर, सुमारे १५५ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच. पश्चिमेच्या दारातून आलं की उतार लागतो. २००३ साली ओलाफुर एलियासन यांनी 'द वेदर प्रोजेक्ट'चा सूर्य पार पलीकडच्या टोकाला लावला. तो सूर्य म्हणजे पिवळ्या, एकाच तरंगलांबीच्या दिव्यांचं अर्धवर्तुळ. छताला आरसे होते, त्यांनी ते वर्तुळ पुरं केलं आणि हॉलची उंचीही दुप्पट भासू लागली. हवेत हलकं धुकं सोडलेलं होतं. त्या उजेडात इतर रंग दिसतच नाहीत, सगळं पिवळं नाहीतर काळं. लोक जमिनीवर उताणे पडून छतातलं स्वतःचं प्रतिबिंब शोधायचे. कुणी सांगितलं म्हणून नाही, मान वर करून करून दुखायला लागते म्हणून. हेच काम चार मीटर उंचीच्या खोलीत लावलं असतं तर ती फक्त पिवळ्या दिव्यांची खोली झाली असती.

जागा कधी कधी अक्षरशः कामाला आकार देते. अनिश कपूर यांचं 'स्वयंभू' २००९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत होतं. कित्येक टन लाल मेणाचा ठोकळा रुळांवरून अगदी संथ गतीने एकामागून एक दालनांच्या कमानींतून जायचा. कमानी त्याला खरवडायच्या, आणि चौकटींवर लाल मेण थापलं जायचं. दार बदललं की ठोकळ्याचा आकार बदलणार. इथे जागेला निव्वळ पार्श्वभूमी म्हणायची सोयच नाही.

मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची अडचण वेगळी. १९११ चा कावसजी जहांगीर हॉल १९९६ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. आत अर्धगोल मजले एकावर एक, आणि वर घुमट. काम जिने चढत, तुकड्यातुकड्यांनी दिसतं. समोरून सरळ चालत जाण्यावर ज्याची मदार आहे, असं काम तिथे फिकं पडतं. भागाभागांत उलगडणारं काम तिथे खुलतं.

आता तुमचा हॉल. सगळ्यात जास्त लक्ष प्रवेशाकडे द्या. अंधाऱ्या, म्हणजे प्रोजेक्टरने स्क्रीनवर दाखवायच्या कामाला दारात नुसता पडदा लावला की दर वेळी तो सरकतो आणि बाहेरच्या उजेडाची पट्टी थेट स्क्रीनवर येते. शिवाय पडद्यामागे काय आहे हे माहीत नसल्याने निम्मे लोक बाहेरूनच परत फिरतात. त्यापेक्षा दोन वळणांचा काळा बोळ करा. रुंदी किमान १.२ मीटर, वळणावर १.५, म्हणजे व्हीलचेअरही फिरते. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, तेवढा वेळ कुणी देत नाही. म्हणून उजेड टप्प्याटप्प्याने कमी करा: बाहेर ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असेल तर बोळात ३० च्या आसपास, मग आतला अंधार. मोबाइलच्या अ‍ॅपवर एवढा अंदाज येतो. अंधारात पायरी किंवा उंबरा अजिबात नको. बाहेर जाण्याची हिरवी पाटी झाकायची नाही, स्क्रीनच अशा भिंतीवर घ्या की पाटी प्रेक्षकांच्या पाठीमागे येईल. आणि स्क्रीनजवळच्या भिंती, छत मॅट काळं करा. पांढरं छत प्रोजेक्टरचा उजेड परत फेकतं आणि चित्रातला काळा रंग राखाडी होतो.

प्रोजेक्टरचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर ४ मीटर रुंद चित्रासाठी तो ६ मीटर लांब लागतो. खोली ५ मीटरच असेल तर लोक ०.५ चा शॉर्ट थ्रो आणतात. तो २ मीटरवर बसतो आणि प्रेक्षकांच्या सावल्या टळतात, पण भिंतीचा गिलावा जरा जरी वरखाली असला तरी चित्र लाटांसारखं वाकडं दिसतं. तेव्हा आधी ताणलेला पडदा किंवा सपाट बोर्ड बसवा.

आवाज हे बहुतेक प्रदर्शनांचं दुखणं. रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी वाजवा. घुमणं दोन सेकंदांहून जास्त टिकलं, तर ध्वनिमुद्रित बोलणं कुणाला नीट कळणार नाही. फरशीवर सतरंजी आणि भिंतींना जाड कापड लावल्याने वरचे स्वर दबतात, खर्ज दबत नाही. प्लायचं पार्टिशन छताला भिडलेलं नसेल तर शेजारच्या कामाचा आवाज वरून सरळ येतो. म्हणून आवाजाची दोन कामं शेजारीशेजारी ठेवू नका, आणि स्पीकर लांबून मोठा लावण्यापेक्षा ऐकणाऱ्याजवळ आणून हळू लावा.

पाणी, वाळू, माती वापरणार असाल तर वजन मोजा. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो. २० सेंटिमीटर कोरडी वाळू ३२० च्या आसपास जाते, ओली त्याहून जड. वॉल्टर डी मारिया यांच्या न्यूयॉर्कमधल्या 'अर्थ रूम'मध्ये १९७७ पासून ३,६०० चौरस फुटांवर २२ इंच माती आहे, सुमारे १,२७,००० किलो, म्हणजे दर चौरस मीटरला ३८० किलो. हॉल वरच्या मजल्यावर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय एक पोतंही वर नेऊ नका.

लोकांचे पाय काय करतील, याचाही विचार आधीच हवा. आय वेवे यांनी २०१० मध्ये टर्बाइन हॉलमध्येच पोर्सिलेनच्या सूर्यफुलाच्या सुमारे १० कोटी बिया पसरल्या. त्यावरून लोकांनी चालावं असं ठरलं होतं. चालण्याने चिनी मातीची बारीक धूळ उडू लागली आणि ती श्वासाला घातक ठरू शकते म्हणून काही दिवसांतच चालणं बंद झालं. त्यानंतर कठड्यापलीकडून दिसायचा तो करडा पसारा. पायाखालचा आवाज, हातात घेतलेली बी, प्रत्येक बी हाताने रंगवलेली आहे हे जवळून कळणं, सगळं गेलं. बंद जागेत कोरडा, भुगा होणारा माल वापरणार असाल तर आठवडाभर आधी पंधरा-वीस जणांना त्यावर तासभर चालवून बघा आणि मग हवेकडे टॉर्च मारा. धूळ लगेच दिसते.

माहितीची पाटी आत शिरतानाच लावली की लोक अर्थ आधी वाचतात आणि आत जाऊन तो शोधत बसतात. ती बाहेर पडण्याच्या बाजूला लावा. दारात फक्त सावधगिरीच्या सूचना: पाणी आहे, अंधार आहे, लुकलुकणारा उजेड आहे. लहान खोलीत एका वेळी सहा-आठ जणांनाच सोडा, आणि रांगेतल्यांना आतलं काही दिसणार नाही अशी रांग वळवा.

यातलं काहीही विकत आणण्याआधी हॉलच्या जमिनीवर खडूने भिंती, बोळ, स्क्रीनची जागा खऱ्या मापात आखा. मग ज्याला कामाबद्दल काहीच माहीत नाही अशा कुणाला तरी आत सोडा आणि गप्प उभे राहा. तो जिथे थांबतो ती तुमची खरी पहिली जागा, नकाशावर कुठे लिहिली आहे त्याला महत्त्व नाही. काम तिकडे सरकवा.